जेवायला जाणारी वेबसाइट

दुपारी एक वाजला की आमच्या गावातली एक वेबसाइट जेवायला जाते.

त्या वेळी ती मोबाइलवर उघडली, तर पांढऱ्या पानावर ठळक अक्षरांत एवढंच दिसतं: ‘मालक जेवायला गेले आहेत. चारला या.’ चारला ती पुन्हा उघडते. रात्री जेवणं झाली की तिच्यावर शटरचा फोटो येतो, खाली ओढलेल्या लोखंडी शटरचा, कुलपासकट. सणावाराला ‘आज दुकान बंद’ अशी पाटी लागते. एकदा तर ‘दाढ ठणकायलीय, संध्याकाळी बघू’ असंही होतं. वेबसाइट रात्रंदिवस चालू राहते, ती माणसासारखी दमत नाही, हे मी मन्मथअप्पांना कितीतरी वेळा समजावलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे, कपाळावरची विभूती बोटाने सारखी करायचे आणि म्हणायचे, “बाळासायेब, मालक जेवायला आन् दुकान उघडं, ह्ये मुनासिब न्हाई.”

‘मुनासिब’ हा शब्द त्यांना वडिलांकडून मिळाला. वडील निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी जाताना किराणा दुकान, पितळी तागडी आणि हा शब्द मागे ठेवला, आणि अप्पांनी तिन्ही जपली. जगातल्या सगळ्या गोष्टी अप्पांच्या लेखी दोनच प्रकारच्या, मुनासिब असलेल्या आणि नसलेल्या. उभ्याने चहा पिणं मुनासिब नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन मोबाइलवर बोलत बसणं मुनासिब नाही. गॅस बंद केला का म्हणून मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो, तेही मुनासिब नाही. ते मात्र मी आयुष्यभर करत आलो आहे. मी काळजीखोर माणूस आहे. पूर्णेच्या एका कॉलेजात कारकून आहे, रोज गावातून जीपने जातो-येतो, आणि जाताना-येताना काहीतरी वाईट होणार आहे असं मला वाटत राहतं. बहुतेक वेळा काही होत नाही, त्यामुळे काळजी शिल्लकच राहते.

अप्पांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. पुढच्या खोलीत त्यांचं किराणा दुकान होतं. गुडघे गेले तसं त्यांनी ते बंद केलं, पण गादी, गल्ला, तागडी सगळं जागच्या जागी आहे. फक्त गल्ल्याच्या बाजूला एक जुना कॉम्प्युटर आला आणि तागडीच्या एका पारड्यात इंटरनेटचा डबा. सकाळी आंघोळ करून, इष्टलिंगाची पूजा आटोपून अप्पा गादीवर बसतात, त्या डब्याला उदबत्ती ओवाळतात आणि मग ‘दुकान’ उघडतात. गावही त्या वेबसाइटला दुकानच म्हणतं. “अप्पाचं दुकान उघडलं का बगा की,” असं सकाळी गल्लीगल्लीत ऐकू येतं.

दुकानात माल एकच: नळाला पाणी कधी येणार, ही बातमी. आमच्या गावात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तेही कोणत्या गल्लीला आणि किती वाजता, हे फक्त पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या गंगाधरला ठाऊक, आणि त्यालाही ऐन वेळी. आधी व्हॉट्सअॅपचे ग्रुप होते. पण निवडणूक झाली, ग्रुप फुटले, आणि एका ग्रुपवर आलेलं पाणी दुसऱ्या ग्रुपला खोटं वाटू लागलं. गंगाधरच्या लग्नाचा किराणा अप्पांच्या दुकानातून गेलेला, तेव्हापासून तो अप्पांशी खोटं बोलत नाही. अप्पा पहाटे त्याला फोन लावतात आणि वेबसाइटवर लिहितात: ‘माळी गल्ली, सकाळी. वरची वेस, दुपारून. मारुती गल्लीने आज वाट बघू नये.’

मारुती गल्लीने मग खरोखरच वाट बघायची नाही. या चार ओळींवर आमचं गाव चालतं. डोक्यावरून न्हायचं कधी, पाहुण्यांना बोलवायचं कधी, गोधड्या धुवायला काढायच्या कधी, सगळं अप्पांच्या दुकानावर ठरतं. पूर्णेच्या स्टेशनवर हमाली करणारी आमच्या गावची माणसं फलाटावरूनच बघतात आणि घरी फोन करतात, “हंडे भरून ठिवा, आज आपलं हाय.” आमच्या सौभाग्यवती पुरण घालायच्या आधी पंचांग बघत नाहीत, अप्पांचं दुकान बघतात.

मला विचाराल तर मला याचीच धास्ती होती. रेशनला अंगठा लावायचा तर सर्व्हर चालू पाहिजे, सातबारा काढायचा तर साइट उघडली पाहिजे, गॅस, वीज, गाडीची वेळ, पोराचा निकाल, सगळं त्या एवढ्याशा चौकोनातून येतं. ते एक दिवस एकदम बंद पडलं तर? मी अप्पांना हे विचारायचो, तेव्हा ते म्हणायचे, “बंद पडंल तवा बगू. दुकानं बंद पडतीच की. माजं पडलंच न्हाई का?”

या चार ओळींच्या खाली रोज आणखी एक ओळ असायची. तिचं नाव ‘आजची खबर’. तिचा पाण्याशी काही संबंध नसे. ‘परसातल्या कढीपत्त्याला पालवी आली.’ ‘आज अंबाडीची भाजी, भाकरी. पोटभर जेवलो.’ ‘डावा गुडघा बरा. उजवा रुसलाय.’ ‘काल पेडगावला लग्नाला गेलो, जिलेबी खाल्ली नाही.’ गावात यावर फार चेष्टा व्हायची. अप्पांच्या गुडघ्याची चौकशी कुणी केली होती? जिलेबी खाल्ली नाही ही काय बातमी? मीही एकदा म्हणालो, “अप्पा, ही ओळ काढून टाका. लोक हसतात.” अप्पा म्हणाले, “हसू द्या. दुकानात आल्यालं गिऱ्हाईक नुस्तं मालासाठी येत न्हाई.” मला वाटलं, म्हातारा माणूस, एकटा राहतो, बोलायला कुणी नाही, लिहितो बिचारा.

एकटे म्हणजे अगदीच एकटे. काकू जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी नंदा हैदराबादेत असते. ही वेबसाइट मुळात तिनेच काढून दिलेली. तिकडे इंजिनिअरिंग शिकत असताना ती सुट्टीत आली आणि दुकानातले भाव दाखवायला वेबसाइट काढून गेली. तेव्हा ती बघणारं गावात कुणी नव्हतं. ज्याला साखरेचा भाव हवा तो समोर उभा राहून विचारायचा. पुढे नंदाने तिकडच्याच एका मुलाशी आपल्या मनाने लग्न ठरवलं. अप्पा ‘मुनासिब न्हाई’ म्हणाले आणि लग्नाला गेले नाहीत. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकू गेल्या तेव्हा नंदा आली होती. दिवस होईपर्यंत राहिली, पण एका घरात राहूनही दोघं दुसऱ्यांमार्फत बोलली. त्या दुसऱ्यांत मीही होतो. “तिला म्हणावं, च्या घे,” अप्पा मला सांगायचे, आणि ती तिथेच उभी असायची. मी चहाचा कप त्यांच्या हातून घेऊन तिच्या हातात द्यायचो. त्यानंतर अप्पांच्या तोंडून मी मुलीचं नाव ऐकलं नव्हतं. कुणी काढलंच तर ते इंटरनेटच्या डब्यावरची धूळ पुसायला लागायचे.

तर असे अप्पा आणि असं त्यांचं दुकान. त्याला पहिला धक्का दिला तो कौसाबाईने.

कौसाबाई वरच्या वेशीत राहते. वयाने अप्पांच्या बरोबरीची, एकटी, आणि कुठल्याही मयताला गावात सगळ्यात आधी पोहोचणारी. तिच्या रडण्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जातो. तिच्या दारातला नळ फुटला. ती पंचायतीत पाण्याच्या खिडकीवर तक्रार सांगायला गेली, तर खिडकी बंद, आणि वर कागद: तक्रारी यापुढे फक्त ऑनलाइन. आत ग्रामसेवक बसलेला तिला दिसत होता. तिने काचेवर टकटक केलं. त्याने आतून मोबाइल उचलून दाखवला, म्हणजे यावरून करा. कौसाबाईकडे मोबाइल नाही. ती तिथून थेट अप्पांकडे आली आणि पायरीवर बसली.

“मन्मथा, मानूस समोर बसलाय आन् मला म्हनतंय मोबाइलात जाऊन बोल,” ती म्हणाली. “मी कुटं जाऊ आता?”

अप्पा काठी घेऊन पंचायतीत गेले. मीही मागोमाग गेलो, कारण त्यांचा रक्तदाब मला ठाऊक होता. ग्रामसेवक तरुण, नम्र, आणि त्याचाही नाइलाज होता. वरून आदेश आहे, म्हणाला. अप्पा म्हणाले, “ऑनलाइनला माजा इरोध न्हाई. माजंच दुकान ऑनलाइन हाय. पन माजं दुकान जेवायला तरी जातंय आन् परत येतंय. तुमची खिडकी गेली ती गेलीच. ह्ये मुनासिब न्हाई.” ग्रामसेवक म्हणाला, काका, आपण ही सूचना पोर्टलवर टाका.

घरी आल्यावर गादीवर बसले आणि म्हणाले, “बाळासायेब, मी सोमवारी दुकान काळं करनार.”

“म्हणजे?”

“काळं म्हंजे काळं. समदं पान काळं. पाणी न्हाई, खबर न्हाई, कायच न्हाई. एक दिवस. खिडकी उगडा म्हनून.” आणि मग, डब्यावरची धूळ पुसता पुसता, “आमच्या पोरीनं सांगितलं हुतं. कालिजात हुती तवा. तिकडं परदेशात कसल्या तरी कायद्याच्या इरोधात मोठमोठ्या वेबसाइटी एक दिवस काळ्या झाल्त्या. सरकारं हलली म्हनं.”

‘आमच्या पोरीनं’ हे शब्द त्यांनी किती वर्षांनी उच्चारले होते. पण माझं लक्ष तिकडे गेलं नाही, मला पाण्याची काळजी लागली होती. सोमवारच्या सुमारास आमच्या गल्लीला पाणी येईल असा अंदाज होता आणि सौभाग्यवतींचे भाऊ यायचे होते.

शनिवारी मी पुन्हा विषय काढला. “अप्पा, निदान लोकांना आधी सांगा.”

“सांगितलंय की. कागद लावलाय.”

“कुठे?”

“पंचायतीच्या खिडकीवर.”

मी म्हणालो, “अप्पा, ती खिडकी बंद आहे. तिथे आता कुणी जातच नाही.”

“मंग जायला पायजे,” अप्पा म्हणाले. “तेच तर मागनं हाय.”

“निदान वेबसाइटवर तरी टाका, की सोमवारी बंद आहे म्हणून.”

“एवढे दिस पाट्याच लावल्या, बाळासायेब. जेवाय गेलो, दाड दुखती. लोक वाचत्यात, हसत्यात, चारला परत येत्यात. पाटी लावून क्येलेल्या बंदला कोन भितंय?”

रविवारी मी विहिरीवरून पाणी आणून हंडे, बादल्या, ड्रम, पोराच्या शाळेची बाटलीसुद्धा भरून ठेवली.

सोमवारी सकाळी गावाने मोबाइल उघडले आणि दुकान काळं होतं. शटर नाही, पाटी नाही, दाढ नाही. नुसतं काळं पान. आता आमच्याकडे एक रीत पडली आहे. कुणी गेलं की घरचे मोबाइलवरचा स्वतःचा फोटो काढून तिथे काळा रंग लावतात. त्यावरून गावाला कळतं, मग कोण ते विचारायला फोन सुरू होतात. गावाने काळं पान बघितलं आणि जे समजायचं ते समजलं. अप्पांना फोन लावले, तर फोन बंद. मग शंकाच उरली नाही.

हे मला काही माहीत नव्हतं. मी माझ्या घरात कोणता हंडा आधी वापरायचा यावर सौभाग्यवतींशी वाद घालत होतो. तेवढ्यात शेजारून कौसाबाईच्या रडण्याचा आवाज आला. कौसाबाई उगाच रडत नाही. गेल्या खेपेला तपासलं तेव्हा अप्पांचा रक्तदाब वाढलेला होता, मी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं न्यायचं म्हणत होतो. मी तसाच बनियनवर धावलो.

वाचकांतल्या काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. अप्पा लिंगायत. त्यांच्यात मयताला आडवं निजवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, नवे कपडे घालून बसवतात, तसंच बसवून मिरवत नेतात आणि बसलेलंच पुरतात. आणि अप्पांनी त्या दिवशी निषेध म्हणून मौन धरलं होतं. पहाटे आंघोळ करून, कपाळभर विभूती लावून, घडी मोडून पांढरं धोतर नेसून ते ओसरीवर खुर्चीत ताठ बसले होते. डोळे मिटून मनात जप चालला होता. समोर उदबत्ती लावलेली होती. कौसाबाई आली ती हे बघून जागीच बसली आणि तिने गळा काढला.

मी पोहोचलो तेव्हा ओसरीसमोर वीस-पंचवीस माणसं खाली मान घालून उभी होती आणि अप्पा खुर्चीत होते. कौसाबाई रडत रडत त्यांचे गुण सांगत होती. माझ्या नळासाठी भांडला गं माझा मन्मथा, कागद लावून आला गं. मी अप्पांच्या छातीकडे बघितलं. ती हलत होती. इतकी कृतज्ञता मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तसे अप्पांनी डोळे उघडले.

कौसाबाईचा हुंदका अर्ध्यात राहिला. मागच्या दोन बाया पळाल्या. अप्पांनी सगळ्यांकडे बघितलं, मौन पाळावं की नाही याचा क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “कौसे, कोन गेलं?”

पुढचा अर्धा तास कुणाला हसावं की रागवावं हे ठरवता येईना. सुतार बसवून न्यायच्या खुर्चीचं माप घ्यायला टेप घेऊन आला होता, तो टेप मागे लपवू लागला. अप्पा म्हणाले, “आलायस तर घिऊन ठिव. लागंलच कवातरी.” तेवढ्यात ग्रामसेवक आला. खिडकीवर लावलेला अप्पांचा कागद गावात त्याने एकट्यानेच वाचला होता, आणि म्हाताऱ्याने खिडकीपायी प्राण सोडला या धास्तीने त्याचा चेहरा उतरला होता. हातात भलामोठा हार. अप्पा जिवंत बघून तो दारातच थांबला, आणि हार ठेवायला जागा सापडेना म्हणून त्याने तो अप्पांच्या गळ्यात घालून टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. कौसाबाईने डोळे पुसले आणि त्याचा हात धरला. “आता समोर हायेस,” ती म्हणाली, “आता बोल, माजा नळ कवा करनार?” आजच माणूस पाठवतो, खिडकीही उघडतो, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. भीतीने म्हणाला की मनापासून, कोण जाणे, पण उघडली.

निषेध यशस्वी झाला होता. अप्पा हार घालून बसले होते, आणि मला हायसं वाटायला लागलं होतं. मला हायसं वाटलं की काहीतरी होतंच. बाजार गल्लीतले एक पंचायत सदस्य मागून म्हणाले, “मी तर सकाळीच मोबाइलवर श्रद्धांजली टाकली. फोटो लावून. आता काडावी लागंल.”

अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, “कवा टाकली?”

“झाला की तास-दीड तास.”

अप्पा खुर्चीतून उठायला गेले आणि गुडघ्याने साथ दिली नाही. मी धरलं. “बाळासायेब, दुकान खोला,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता खोला. ती बगती.”

“कोण बघते?”

“नंदा. रोज सकाळी. गावाच्या आधी.”

मग गादीवर बसता बसता तुटक तुटक त्यांनी जे सांगितलं ते असं. कुठल्या गावातून कुणी दुकान बघितलं, हे मालकाला आतून दिसतं. अप्पा पहाटे पाण्याच्या ओळी लिहितात आणि थांबतात. हैदराबादेहून एक जण येतो. रोज. आमच्या गल्लीतल्या पाण्याशी हैदराबादेतल्या कुणाला काय देणंघेणं? दुकानाचं गिऱ्हाईक पायरीवरून ओळखू येतं, अप्पा म्हणाले, पोर ओळखू येणार न्हाई का.

मला कढीपत्ता आठवला. उजवा गुडघा आठवला. न खाल्लेली जिलेबी आठवली. अप्पांना साखरेचा आजार आहे, आणि नंदा लहानपणी त्यांच्या ताटातली जिलेबी उचलायची. आम्ही सगळं गाव त्या ओळीला हसत होतो, आणि ती आमच्यासाठी नव्हतीच. त्या सोमवारी पहिल्यांदा तिला खबर मिळाली नव्हती. मिळालं होतं काळं पान, आणि त्यानंतर श्रद्धांजली.

“अप्पा, काल तिचा विचार नाही आला?”

“आला हुता,” अप्पा म्हणाले. “म्हटलं, तिनंच शिकवलंय काळं करायचं, तिला कळंल. अभिमान वाटंल म्हटलं.” त्यांनी गळ्यातला हार काढून तागडीत ठेवला. “श्रद्धांजलीचं कुठं ध्यानात आलं?”

मी कॉम्प्युटर लावला. वेबसाइट उघडेना. रोज ती आतून उघडीच असायची, नुसतं लिहायचं. पण रविवारी अप्पांनी बंद खरा व्हावा म्हणून बाहेर पडायचं बटण दाबलं होतं. आत बसून बंद पाळणं त्यांना मुनासिब वाटलं नव्हतं. आता परत आत जायला ओटीपी मागत होतं. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं की ओटीपी पाठवला आहे, आणि खाली मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे.

“अप्पा, हा तुमचा नंबर नाही.”

“तिचा हाय,” अप्पा म्हणाले. “तिनंच काडलं हुतं ना दुकान.”

“इतक्या वर्षांत बदलला नाहीत?”

“बदलायला तिलाच इचारावं लागलं असतं,” ते म्हणाले.

दुकान उघडल्याशिवाय तिला खरं कळणार नव्हतं, आणि तिला विचारल्याशिवाय दुकान उघडणार नव्हतं. नंबर अप्पांना तोंडपाठ होता. मी माझ्या मोबाइलवरून लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. माझ्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. ती रडत कुणाला फोन करत असेल. तशीच गाडी घेऊन निघाली असेल. हैदराबादेहून पूर्णेपर्यंतचा सगळा रस्ता, आणि बाप मेला आहे असं समजून. बाहेर लोक विचारत होते, अप्पा, पाणी कुणाकडं हाय? अप्पांना ते ऐकूच येत नव्हतं. ते माझ्या मोबाइलकडे बघत होते.

“तुमचा मोबाइल कुठाय?” मी विचारलं.

“गल्ल्यात. बंद करून ठिवलाय. बंद म्हंजे समदंच बंद.”

मी गल्ला ओढला आणि मोबाइल चालू केला. तो चालू झाला तसा थरथरायलाच लागला, एकामागून एक निरोप, सगळे एकाच नंबरवरून. ते पुरते यायच्या आत घंटी वाजली. तोच नंबर. मी मोबाइल अप्पांच्या हातात दिला आणि स्पीकर कुणी लावला मला आठवत नाही, बहुतेक त्यांच्याच बोटाने लागला.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, “हॅलो? कोण बोलतंय? अप्पांच्या घरचं कुणी आहे का?”

अप्पांचे ओठ हलले. मला वाटलं आता ते मला म्हणणार, तिला म्हणावं, मी जिता हाय. मी पुढेही झालो. पण त्यांनी हाताने मला थांबवलं आणि म्हणाले, “नंदे, ओटीपी आलाय का तुला?”

पलीकडून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा, मला सांगता येणार नाही. बराच वेळ तो थांबला नाही. अप्पा मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले होते.

“व्हय, मी हाय,” ते म्हणत राहिले. “मीच हाय. बरा हाय. गुडगा तेवडा. ती शरधांजली खोटी हाय. व्हय. दुकान म्या काळं केल्तं, तू सांगितल्तंस तसं. रडू नगं. ओटीपी सांग.”

तिने सांगितला. आकडे सांगताना तिचा आवाज मधे मधे तुटत होता. अप्पा एका बोटाने दाबत गेले. मी मागे उभा होतो, मला पडदा दिसत होता. सगळे आकडे बरोबर. शेवटचा एक राहिला आणि अप्पांचं बोट वर थांबलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. मी म्हणणार होतो, अप्पा, वेळ संपेल, दाबा. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प राहिलो.

पडद्यावर आलं, ओटीपीची मुदत संपली.

“गेला बग,” अप्पा मोबाइलमधे म्हणाले. “दुसरा मागवतो. थांब तू. ठिवू नगंस.” आणि ठेवू नये म्हणून मधल्या वेळात, “जेवलीस का सकाळचं?”

ती काहीतरी म्हणाली. मला ते नीट ऐकू आलं नाही, आणि ऐकणं मुनासिबही नव्हतं, म्हणून मी दाराकडे निघालो. अप्पांचं उत्तर तेवढं ऐकू आलं. “व्हय, बाई. मुनासिब न्हाई झालं त्ये. माजंच न्हाई झालं.”

बाहेर लोक पायरीवर बसले होते. वरच्या वेशीला पाणी आहे की माळी गल्लीला, कुणालाच ठाऊक नव्हतं. कौसाबाई आपली रिकामी घागर मांडीशी धरून पुढेच बसली होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“उगडलं का दुकान?” तिने विचारलं.

“नाही अजून,” मी म्हणालो. “नंबर चुकतोय.”

आतून अप्पांचा आवाज आला, “परत सांग बरं. सावकाश सांग.” आणि मग आकडे सांगणारा, थोडा सावरलेला, मुलीचा आवाज. कौसाबाई कान देऊन ऐकत राहिली. मग तिने घागर पायरीवर उपडी ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

“चुकू दे,” ती म्हणाली. “मला घाई न्हाई.”